इथे एक राहिला

पंचवीस वर्षं मी दादाच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीमागे उभी राहते आहे, आणि पंचवीस वर्षांत त्यानं माझ्या एकाही कामाला बरं म्हटलेलं नाही. मी गिऱ्हाइकाचे केस कापावेत, मान ब्रशनं झटकावी, मागे आरसा धरून दाखवावा, गिऱ्हाइकानं खूश होऊन मान डोलवावी, की हा स्वतःच्या खुर्चीतलं साबण फासलेलं तोंड तसंच सोडून येणार. माझ्या गिऱ्हाइकाचं डोकं दोन बोटांनी तिरकं करणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, "इथे एक राहिला." मग कात्रीचा एकच आवाज. गिऱ्हाईक हसायचं. माझ्या अंगाची मात्र लाही लाही व्हायची.

तो एक केस खरंच राहिलेला असायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

माझा नवरा गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. लोक येऊन सांत्वन करून जात होते. दादा आला तो हातात कात्री घेऊन. म्हणाला, "उद्यापासून दुकानात ये. रडायचं असेल तर घरी रडून ये, तिथे नको. हात हलतो." मी उंचीला कमी, म्हणून दुसऱ्या खुर्चीमागे त्यानं माझ्यासाठी एक लाकडी पायरी ठोकून दिली आणि त्याच दिवसापासून मला ठेंगू म्हणायला लागला. मायेनं काही करायचं तर वर दोन टोमणे मारायचे, ही त्याची रीतच आहे.

आणि स्वतः? स्वतः कधी कुणाच्या हाताखाली बसला नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी स्वतः करणार. केससुद्धा दोन आरसे समोरासमोर धरून स्वतःच कापणार. मी एकदा म्हटलं, "बस की, मी कापते." तर म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात गळा द्यायला मी काय खुळा आहे?" दिवसाला वीस माणसं त्याच्या हातात गळा देऊन जात होती, त्यांच्यासमोर म्हणाला हे! तोंडाला फडकं म्हणून नाही.

तर असा हा माणूस गेल्या वर्षी आतल्या आत झिजायला लागला. पट्ट्याला त्यानं नवीन भोक पाडलं, महिन्याभरानं आणखी एक. शौचातून रक्त जात होतं, ते चार महिने कुणाला सांगितलं नाही. वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेवटी संडासातच रक्त पाहिलं आणि त्याला फरफटत दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्यात गाठ होती. ती ऑपरेशन करून काढली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तपासणीत यकृतावर पाच ठिपके दिसले. आतड्यातला कॅन्सर तिथवर पोचला होता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. "पाचपैकी दोन ठिपके मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहेत. आज कापायला घेतलं तर मागे पुरेसं यकृत उरणार नाही. औषधानं ते आटले, तर सर्जन हात घालतील."

"आणि नाही आटले तर?" वहिनीनं विचारलं.

"तर औषधावर जितके दिवस मिळतील तितके."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. दादा मात्र पडद्याजवळ गेला, डोळे बारीक केले आणि बोटानं ठिपके मोजले. "मला दिवस नकोत," तो म्हणाला, "मला हे बाहेर हवेत. पाचच्या पाच. एकही राहता कामा नये."

मग बाईंनी औषध समजावलं. केमो होतंच, पण त्याच्या जोडीला एक वेगळं औषध द्यायचा त्यांचा विचार होता. "पेशीच्या अंगावर एक जागा असते. तिथे 'वाढ' असा निरोप येऊन बसला की पेशी वाढायला लागते. हे औषध म्हणजे अँटिबॉडी. ती निरोपाच्या आधी जाऊन ती जागा अडवून बसते."

दादाचा चेहरा उजळला. "म्हणजे खुर्चीत आधीच कुणीतरी पाय पसरून बसलंय. गिऱ्हाईक आलं तरी टेकणार कुठं?"

"अगदी तसंच."

"आणि हा बसलेला उठला तर?"

"हळूहळू उठतोच. म्हणून दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून पुन्हा द्यायचं. पण एक अडचण आहे. काही गाठींच्या जनुकांमध्ये बिघाड असतो. तिथे खुर्ची अडवून उपयोग नसतो, आतलं काम चालूच राहतं."

"खुर्ची रिकामी, आणि कारागीर हवेतच कात्री चालवतोय," दादा म्हणाला.

बाई हसल्या. "हो. तशा गाठीला हे औषध द्यायचंच नसतं. म्हणून आधी तुमच्या काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवू."

बारा दिवस लागले त्याला. बारा दिवस आमचा जीव टांगणीला. दादा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खुर्चीची गोष्ट सांगत होता. पोस्टातले काका, जे तीस वर्षं दर शनिवारी दाढीला येतात, त्यांनी ती इतक्यांदा ऐकली की शेवटी म्हणाले, "अरे, माझ्या खुर्चीचं आधी बघ, साबण वाळला!" तेराव्या दिवशी फोन आला. बिघाड नव्हता. औषध देता येणार होतं. वहिनी रस्त्यातच मटकन खाली बसली आणि रडली, आणि मी तिच्या शेजारी बसून रडले, आणि दोघींना रडताना बघून दादा म्हणाला, "चांगली बातमी आलीय ना? मग लोकांना का घाबरवताय?"

आता त्यानं काय करून ठेवलं ते सांगते. असला गाढवपणा फक्त न्हावीच करू शकतो.

पहिल्या सलाईनच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात गेले, तर दादा डोकं पुढे करून बसलेला, आणि आरशात त्याची टाळू लख्ख. सगळं डोकं वस्तऱ्यानं साफ केलं होतं, एक केस ठेवला नव्हता. मी ओरडलेच, "हे काय केलंस?"

"कॅन्सरच्या औषधानं केस जातात," तो थाटात म्हणाला. "औषधानं का न्यावेत? या दुकानात केस मी कापतो."

मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला, काय सांगू. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ते डोकं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्हाला सूचनांचा कागद दिला होता. वाचला नाहीत?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या कागदाचं काय झालं होतं हे मला माहीत होतं. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला आमच्याकडे फळीवर कागदाचे तुकडे ठेवलेले असतात. त्यातच तो गेला होता, आणि त्यावर पोस्टातल्या काकांची दाढी पुसली गेली होती.

"केस फार तर विरळ होतील," बाई म्हणाल्या. "पण या अँटिबॉडीनं पुरळ येतं. तुमच्या त्वचेलाही त्याच खुर्च्या आहेत, तिथेही हे औषध जाऊन बसणार. तोंडावर, छातीवर, आणि डोक्यावर. अन् तुम्ही नेमकी टाळू खरवडून आलात." मग त्यांनी एकेक बोट मोडत सांगितलं. वस्तरा बंद. स्पिरिटचं काही लावायचं नाही. मलम दोन वेळा, गोळी रोज, उन्हात टोपी.

"बाई, त्वचेचं मला सांगता?" दादा म्हणाला. चाळीस वर्षं वस्तरा चालवणारा कारागीर ना तो!

पहिलं सलाईन नीट गेलं. सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन रक्तदाब बघत होती, थंडी वाजते का, छाती भरते का विचारत होती. दादा तिला तिच्या भांगाबद्दल सल्ला देत होता. बाईंनी हेही सांगितलं होतं, की पुरळ उठलं म्हणजे औषध लागू पडलंच असं नाही, पण बरेचदा ज्यांना उठतं त्यांना औषधाचा गुण चांगला येतो. या वाक्यातला 'पण'च्या आधीचा भाग दादानं ऐकलाच नाही. रोज सकाळी आरशाला नाक लावून उभा. "ठेंगू, बघ गं, काही दिसतंय?" आठ दिवस काही नाही. आठ दिवस त्याच्या नाकावर राग, कारण दुसरं काहीच नव्हतं. नवव्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर एक लाल फोड आला. त्यानं वहिनीला फोन केला, "आला!" तिला वाटलं कोण पाहुणा आला.

पण तिसऱ्या आठवड्यात ती गंमत संपली. गाल, कपाळ, हनुवटी, सगळं फोडांनी भरलं. डोक्यावर तर कातडी दिसेना. नखांच्या कडा चिरल्या, कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. न्हाव्याचं तोंड हीच त्याची पाटी. बाकावर बसलेला एक माणूस दादाकडे पाहून उठला, म्हणाला, "अरे, गॅस बंद करायचा राहिला," आणि गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचे गॅस राहिले. संध्याकाळी दादा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. मला बघवेना. मी फरशी झाडत राहिले.

त्यानंतर त्यानं जे केलं ते कुणाला न सांगता केलं. सकाळी लवकर येऊन, मलम पुसून, त्या फोडांवरून वस्तरा फिरवला आणि वर तुरटी घासली. लोकांच्या तोंडावर चाळीस वर्षं हेच तर करत आला होता. दोन दिवस तोंड जरा कोरडं दिसलं. तिसऱ्या दिवशी टाळूवर पू झाला, आणि टोपीखाली लपवून तो सलाईनला गेला, अंगात ताप घेऊन.

सिस्टरनं टोपी काढली. डॉक्टरीणबाई आल्या. आणि मग त्यांनी आमच्या दादाची अशी बिनपाण्यानं केली, की त्याच्या जन्मात कुणी केली नसेल. "हे चिघळलंय. या अवस्थेत मी आज औषध देऊ शकत नाही. अँटिबॉडी थांबवावी लागेल, केमोही. किमान दोन आठवडे."

"दोन आठवडे?" दादाचा आवाज चिरका झाला. "म्हणजे खुर्ची रिकामी?"

"हो. रिकामी. तुमच्या तुरटीमुळे."

परत येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी मनातल्या मनात दहा शिव्या तयार ठेवल्या होत्या. एकही देता आली नाही. थांबा यायच्या आधी तो म्हणाला, "ते वाढत असतील का गं? दोन आठवड्यांत?" मी म्हटलं, "मला काय माहीत! मी काय डॉक्टर आहे?" आणि त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना तो माझा धरायचा, तसा मी त्याचा धरला, आणि घरापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, स्वतःचा वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि माझ्या खणात ठेवला. कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. "मी मागितला तरी द्यायचा नाही." मग पहिल्या खुर्चीत, जिच्यामागे तो चाळीस वर्षं उभा राहिला होता, तिच्यात जाऊन बसला. "मलम तू लाव. मला माझी टाळू दिसत नाही. हात हलका ठेव."

तेव्हापासून रोज दोन वेळा. सकाळी दुकान उघडल्यावर आणि संध्याकाळी बंद करताना. कोमट पाण्यानं पुसायचं, टिपून कोरडं करायचं, मलम, गोळी. तो गोळी घेताना घड्याळ बघायचा. मिनिट चुकू द्यायचा नाही. आरशावर त्यानं एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात: "मालकाच्या तोंडावरचे फोड औषधाचे आहेत. ते कुणाला लागत नाहीत. भीती वाटत असल्यास दुसऱ्या खुर्चीत बसावे. तिथे एखादा केस राहील." मी तो वाचला आणि फणी फेकून मारली त्याला. पोस्टातल्या काकांनी तो वाचला, मुद्दाम पहिल्याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझा गळा तुझाच. पण लवकर कर, माझा गॅस बंद आहे." दादा इतका हसला की त्याला खोकला आला.

दोन आठवड्यांनी टाळू सुकली. सलाईन पुन्हा सुरू झालं, थोड्या कमी मात्रेनं. फोड आलेच, पण चिघळले नाहीत. थकवा यायचा, उलट्या व्हायच्या, रक्तातलं मॅग्नेशियम घसरलं म्हणून त्याचीही बाटली लावली. एकदा इतका गळून गेला होता की वहिनी म्हणाली, "आज राहू द्या, पुढच्या आठवड्यात जाऊ." भिंतीला धरून उठला. "खुर्ची रिकामी ठेवायची नाही," म्हणाला आणि बूट घातले. त्या दिवसापासून मी त्याला मनातून हात जोडले. तोंडावर नाही, डोक्यावर बसला असता.

मग तपासणीचा दिवस. बाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. आम्हा तिघांना काहीच कळत नव्हतं, आम्ही फक्त बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. "आटलेत," त्या म्हणाल्या. "पाचही. रक्तवाहिनीजवळचे दोन तर निम्म्याहून लहान झालेत. सर्जन तयार आहेत." वहिनीनं बाईंचा हात धरला तो सोडेना. दादानं पुन्हा बोटानं मोजले. "आटलेत, पण आहेत," तो म्हणाला. "काढा."

शेवटच्या सलाईननंतर काही आठवडे थांबून ऑपरेशन ठरलं. त्या औषधाची आणखी एक तऱ्हा होती. पापण्यांचे केस लांब वाढायला लागले होते. लांब, वाकडे, डोळ्यात जाणारे. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायला लागलं. तो खुर्चीत बसला, मी पायरीवर चढले, सगळ्यात लहान कात्री घेतली. पापण्या मिटलेल्या, मान मागे, गळा वर. एकेक केस मी कापत होते.

"हात हलला तुझा," तो म्हणाला.

"नाही हलला."

"हलला."

"डोळा हलतोय तुझा. गप्प बस."

मी पुढचा केस कापला. थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाला, "ठेंगू, भीती वाटतेय गं." मी म्हटलं, "मलाही." आणि पापण्यांचे उरलेले केस कापले.

ऑपरेशन सहा तास चाललं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा त्याच्या नाकात नळी होती, पोटाला नळी होती, ओठ कोरडे. त्यानं मला बोटानं खाली वाकायला सांगितलं. "राहिला का एखादा?"

"नाही राहिला. पाचही काढले."

"कुणी बघितलं?"

तेवढ्यात सर्जन फेरीवर आले. त्यांनी ते ऐकलं. "मी बघितलं. मग आमच्या वरिष्ठ सर्जनबाईंना बोलावून त्यांना बघायला लावलं. मग यकृतावर सोनोग्राफीचं यंत्र ठेवून पुन्हा बघितलं. आज तरी एकही दिसत नाही. पुढे दर तीन महिन्यांनी बघत राहू."

दादानं समाधानानं डोळे मिटले. "बरोबर," तो पुटपुटला. "दुसऱ्यानं बघायलाच हवं. ज्यानं कापलं त्याला दिसत नाही."

मी तिथे पलंगाच्या कडेला उभी होते. पंचवीस वर्षं मी ज्यासाठी जळत होते ते हे होतं तर! बाहेर येऊन मी इतकी रडले की सिस्टरनं पाणी आणून दिलं.

चार महिने झाले त्याला. अँटिबॉडी बंद आहे, कातडी निवळली, डोक्यावर करडे केस आले, जरा कुरळे. काल सकाळी तो दुकानात आला आणि म्हणाला, "किल्ली आण. बाईंनी परवानगी दिलीय." मी वस्तरा काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. खुर्चीत बसला, मान मागे टाकली. "तू कर."

मी साबण लावला, दाढी केली, मग केस कापले. सावकाश. दुकान बंद होतं, कुणी बघायला नव्हतं. इतक्या महिन्यांत, माझी कितीतरी गिऱ्हाइकं खुर्चीतून उठून गेली, पण एकदाही ते तीन शब्द दुकानात ऐकू आले नव्हते. त्याला उठून येण्याइतकं त्राण नव्हतं. म्हणून डाव्या कानामागे मी एक केस ठेवला. मुद्दाम. मग मान झटकली आणि मागे आरसा धरला.

त्यानं डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. डोळे बारीक केले. मी आरसा तसाच धरून होते. दोन बोटं हळूहळू डाव्या कानामागे गेली आणि थांबली.

"इथे एक राहिला," दादा म्हणाला.

"कुठे? मला तर दिसत नाही," मी म्हटलं, आणि कात्री घेऊन पायरीवर चढले.